आजीची गोधडी बाथरूमच्या भिंतीवर: माझं काय चुकलं?

ज्यांचे इअरफोन पुन्हा हरवलेत, किंवा ज्यांना ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून गुपचूप वाचायचंय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत. जे राहिलेत ते चालवून घ्या.

आजचा विषय जरा विचित्र आहे. हाताने शिवलेली गोधडी बाथरूमच्या भिंतीवर शोभेसाठी लावावी का? हसू नका. मी लावली होती. आठ महिने. आणि त्या आठ महिन्यांत मी माझ्या आजीची गोधडी जवळपास घालवली होती. ते कसं झालं, त्यातून काय वाचलं आणि आता मी काय करते, हे सगळं सांगते.

आधी बॅकग्राउंड. माझी आजी फलटणजवळच्या एका गावात राहते. मी नोकरीसाठी पुण्याला आले तेव्हा तिने मला एक गोधडी दिली. वर-खाली तिच्या जुन्या लुगड्यांचं कापड, आत चार-पाच थर, आणि कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा. मधोमध एक निळ्या चौकड्यांचा तुकडा आहे, तो आजोबांच्या शर्टाचा. आजोबा जाऊन बारा वर्षं झाली. त्यांचे बाकीचे कपडे वाटून टाकले, पण हा एक शर्ट आजीने ठेवला आणि गोधडीत घातला. हे मला तेव्हा माहीत होतं, पण खरं सांगायचं तर त्याचं फार काही वाटलं नव्हतं.

पुण्यात आमचा भाड्याचा वन बीएचके. ॲग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलंय, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मग एके रात्री इंस्टाग्रामवर फोटो दिसला. पांढरं शुभ्र बाथरूम, एका भिंतीवर रंगीबेरंगी क्विल्ट, खाली मनी प्लांट. मी आमच्या बाथरूमकडे बघितलं. तिथे आधीच टॉवेलचा लांब स्टीलचा रॉड होता. खिळ्याचा प्रश्नच मिटला! नोव्हेंबरात गोधडी घडी घालून रॉडवर टाकली, मागची बाजू थेट टाइल्सना टेकलेली. फोटो काढला, स्टोरी टाकली, लोकांनी हार्ट दिले.

आईने स्टोरी बघून लगेच फोन केला. "अगं, अंगावर घ्यायची वस्तू ती, संडासात टांगलीस?" मी म्हटलं, आई, संडास नाही, बाथरूम आहे, आणि हे डेकॉर आहे. आईने फोन ठेवून दिला.

थंडी गेली, उन्हाळा गेला, काही झालं नाही. जूनच्या शेवटी बाथरूममध्ये कुबट वास यायला लागला. मला वाटलं ड्रेनेजचा असेल. जाळीत फिनाइल ओतलं. जुलैत एकदा रॉड पुसायला गोधडी उचलली आणि मागची बाजू बघून थिजलेच. काळे-हिरवे ठिपके. हात लावला तर ओलसर. आणि सगळ्यात जास्त ठिपके कुठे? घडीच्या आतल्या भागात, आजोबांच्या निळ्या चौकड्यांवर.

आता मी इंजिनिअर. रडून झाल्यावर डीबगिंग सुरू केलं.

तीनेकशे रुपयांचा एक छोटा आर्द्रता मोजायचा मीटर मागवला आणि दोन आठवडे आकडे लिहून ठेवले. आंघोळ झाल्यावर बाथरूममध्ये 95 टक्क्यांच्या आसपास. दोन तासांनी 85. रात्रीपर्यंत कसाबसा 78 वर यायचा, कारण पावसाळ्यात हॉलमध्येच तेवढी आर्द्रता होती. बुरशीला साधारण 65-70 टक्क्यांच्या वर मजेत जगता येतं. म्हणजे जुलैत आमच्या बाथरूमला 'कोरडं' अशी स्टेटच नव्हती. एक्झॉस्ट फॅन नाही, फक्त डक्टकडे उघडणारी काचेच्या पट्ट्यांची खिडकी.

दुसरी गोष्ट टाइल्सची. उसाच्या रसाच्या गार ग्लासला बाहेरून पाणी सुटतं ना? तेच. गरम पाण्याची वाफ गार टाइलला लागली की तिचं पाणी होतं. एरवी ते ओघळून खाली जातं. पण तिथे सुती कापडाचे सहा थर टेकलेले असतील तर कापड ते पिऊन घेतं. वरचा थर वाळतो, हाताला कोरडा लागतो, आतले थर ओलेच राहतात. आणि सूत म्हणजे सेल्युलोज, बुरशीचं आवडतं खाणं. त्यात साबणाचे शिंतोडे, अंगाचं तेल. थोडक्यात, मी तिला राहायची आणि जेवायची सोय करून दिली होती.

तिसरी गोष्ट लक्षात आली ती फोटो परत नीट बघितल्यावर. त्या फोटोत शॉवर काचेच्या आड होता. कितीतरी फोटोंमध्ये तर शॉवरच नाही, नुसतं बेसिन आणि कमोड, पाहुण्यांसाठीचं कोरडं बाथरूम. आपल्याकडे बादली, मग, आणि आंघोळ झाली की चारही भिंती ओल्या. वर आठवड्यातून एकदा ॲसिड टाकून फरशी घासायची. ॲसिडचा शिंतोडा सुती कापडावर पडला की धागा कुजतो, ब्लीचनेही तेच होतं. आपण फोटो बघतो, पण त्या घरातलं पाणी कुठून कुठे जातं ते बघत नाही.

मग मी विचार केला, भिंतीवर लावणंच चूक आहे का? तर तसंही नाही. 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी जमवलेल्या अमेरिकन क्विल्ट्सचं प्रदर्शन झालं. पलंगावरच्या गोधड्या पांढऱ्या भिंतींवर, अगदी पेंटिंगसारख्या. त्यानंतर क्विल्टकडे कला म्हणून बघायची लाट आली.

मला त्याहून जवळची वाटली ती अलाबामातल्या जीज बेंडची गोष्ट. अलाबामा नदीच्या वळणावरचं छोटं गाव, शेतमजूर कृष्णवर्णीय कुटुंबांचं. तिथल्या बायका जुन्या कामाच्या कपड्यांपासून क्विल्ट शिवायच्या, थंडीसाठी. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं, मग व्हिटनीमध्ये, आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटं काढली. त्यातला एक क्विल्ट मिझुरी पेटवे या बाईंनी 1942 मध्ये शिवलेला आहे. नवरा वारल्यावर त्याच्या शेतावरच्या कपड्यांचा. हे वाचलं आणि मी लॅपटॉप बंद केला. समोर खुर्चीवर आजोबांचा शर्ट वाळत होता.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. म्युझियमसुद्धा कापड कायमचं टांगून ठेवत नाही. काही महिने दाखवतात, मग उतरवून अंधारात विश्रांती देतात. कापडासाठी प्रकाश साधारण 50 लक्स ठेवतात. भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या घरात जातं. रंग उडतो तो परत येत नाही, आणि रोजचं थोडं थोडं नुकसान साठत जातं. म्हणजे खिडकीसमोरची भिंतसुद्धा बाथरूमइतकीच वाईट असू शकते.

ऑगस्टमध्ये लाँग वीकेंडला गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गावी गेले. शिव्या खायची तयारी होती. आजीने पिशवी उघडली, वास घेतला, ठिपके बघितले. आई मागून म्हणाली, "बघा, न्हाणीत टांगली होती तुमच्या नातीनं." मला वाटलं आता आजी बोलणार. आजीने माझ्याकडे बघून विचारलं, "आगं, भिताडाला थंडी वाजत व्हती व्हय?"

आई हसली, मीही हसले. पण आजी हसली नाही. तिचा पुढचा प्रश्न होता, "धुतली कवा हुतीस?"

मी धुतलीच नव्हती. आठ महिन्यांत एकदाही नाही. ऊनही दाखवलं नव्हतं. डेकॉर कोण धुतं?

आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी अख्खं घर धुऊन काढतात. लहानपणी सगळ्या गोधड्या घेऊन आम्ही कालव्यावर जायचो. भिजलेली गोधडी एकट्या माणसाला उचलत नाही, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची. हिवाळ्यात रोज अंगावर, सकाळी घडी, मधून मधून दोरीवर ऊन. उसवलं तर टाका, फाटलं तर ठिगळ. अगदीच विरली तर नव्या गोधडीच्या पोटात थर म्हणून जाते. आजीला बाथरूमचा राग नव्हता. मी ती टांगली आणि तिच्याकडे बघणंच सोडून दिलं, याचा होता.

आजीने आधी गोधडी उन्हात टाकायला लावली, दोन्ही बाजू कडक वाळेपर्यंत. मग नाकाला फडकं बांधून अंगणात ब्रशने झाडली. हे महत्त्वाचं आहे, बुरशी घरात झाडू नका, आणि ओली असताना घासू नका, आत पसरते. मग कोमट पाणी, साबण, परत ऊन. वास गेला. लुगड्यावरचे डाग फिकट झाले. शर्टाच्या तुकड्यावरचे नाही गेले, एका जागी कापड बोटाने दाबलं तर फाटलं.

आजीने त्यावर ठिगळ घालायला सांगितलं. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, नजर गेलीय. म्हणून दोरा मी ओवला आणि टाकेही मीच घातले. कापड माझ्या कॉलेजच्या जुन्या कुर्त्याचं. टाके वाकडे आलेत. आजीने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे, धरलंय." आजोबांच्या शर्टाचा आता अर्धाच तुकडा दिसतो. ते नुकसान माझ्यामुळे झालंय आणि ते भरून निघणार नाही.

आता कामाचं. तुम्हाला गोधडी भिंतीवर लावायचीच असेल तर हे बघा.

एक, जिथे आंघोळ होते तिथे नाही. बेसिन बाहेरच्या पॅसेजमध्ये असेल, किंवा आंघोळीची जागा पूर्ण वेगळी असलेलं कोरडं टॉयलेट असेल, तर विचार करा. आधी मीटर लावून दोन आठवडे मोजा, आणि पावसाळ्यातही मोजा. सतत 65 च्या वर असेल तर विषय संपला.

दोन, भिंतीला टेकवू नका. मागे इंच-दोन इंच हवा खेळू द्या. ओलसर जागी काचेच्या फ्रेममध्येही नको, दमटपणा आतच कोंडतो.

तीन, चिमटे आणि खिळे नकोत, सगळं वजन त्या दोन-चार टाक्यांवर येतं. पाठीमागे वरच्या कडेला चारेक इंच रुंदीची कापडी नळी हाताने शिवा आणि त्यातून रॉड घाला. वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं.

चार, फोनमध्ये रिमाइंडर लावा. महिन्यातून एकदा उतरवून मागची बाजू बघायची. तीन-चार महिन्यांनी काढून ठेवायची. जून ते सप्टेंबर भिंतीवर नाहीच. अधूनमधून तास-दोन तास ऊन चालतं, पण रोजच्या उन्हात टांगून ठेवू नका.

पाच, मोठी जुनी गोधडी बाथरूमसाठी अडकवण्यापेक्षा उरलेल्या तुकड्यांची दीड बाय दोन फुटांची छोटी शिवून घ्या. खराब झाली तरी जीव तुटणार नाही. शिवणाऱ्या बाईंना ठरवून योग्य पैसे द्या. पूर्ण गोधडीला कितीतरी दिवसांचं काम असतं, भाजीसारखा भाव करू नका.

आणि सहा, मागे एका कोपऱ्यात दोऱ्याने नाव आणि साल घाला. कोणी शिवली, कोणाचे कपडे आहेत. आमच्या गोधडीवर आता आजीचं नाव आहे. तिने विचारलं, "माझं नाव कशाला? सगळ्यांना ठावं हाय की." मी म्हटलं, आजी, पुण्यात कोणालाच ठाऊक नाही.

सध्या ती माझ्या पलंगावर आहे. बाथरूमच्या रॉडवर टॉवेल आहे. घटस्थापनेच्या आधी सुट्टी टाकलीय, आई आणि मी गोधड्या धुणार आहोत.

तुमच्या घरी गोधडी असेल तर आज एक काम करा. ती उलटी करून बघा, आणि घरात विचारा, यातला कुठला तुकडा कोणाचा? जे उत्तर मिळेल ते आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. आजी किंवा आई स्वतः बोलली तर उत्तमच, पुढच्या भागात ऐकवू.

भेटूया. तोपर्यंत पावसाळ्यात कपाटं उघडी ठेवा!