रानातली वीज : बारा व्होल्ट पुरतात

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या मंचावर दरवर्षी भजन होतं, कीर्तन होतं, मुलांच्या नकला होतात. यंदा मंडळाने आम्हा दोघा भावांना बोलायला उभं केलं आहे. आम्ही वक्ते नव्हे. नार्नूरच्या बाजारात आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी रेडिओपासून सुरुवात केली, आम्ही फवारणीपंप आणि मोबाईलपर्यंत आलो. म्हणून आम्हाला कळतं तेवढंच सांगतो.

वडिलांच्या काळात आसपासच्या कितीतरी गुड्यांवर, तांड्यांवर विजेचा खांब नव्हता, पण रेडिओ होता. सेल उतरले की लोक ते उन्हात ठेवायचे. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते आणि सेल थोडा वेळ पुन्हा बोलतो. एक सेल दीड व्होल्टचा, दोन घातले की तीन. तेवढ्यावर अंधारात वाट दिसायची. आजही आपण टॉर्चला ‘बॅटरी’च म्हणतो!

आपल्याला वाटतं, वीज म्हणजे भिंतीतली, २३० व्होल्टची. पण मोबाईलची बॅटरी पावणेचार व्होल्टच्या आसपास असते. फवारणीपंप बारा व्होल्टवर चालतो, मोटारसायकलही बारावर. मतदान यंत्राचंच बघा ना. खांब नसलेल्या वस्तीवरही मतदान व्हावं म्हणून ते साडेसात व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. दिल्लीचं सरकार ज्याच्यावर ठरतं, ते यंत्र भिंतीतल्या विजेची वाट पाहत नाही.

आता थोडा हिशेब. पंपातली बॅटरी बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची असते. दोन्हींचा गुणाकार केला की ९६ वॉट-तास येतात. शिशाची बॅटरी पार रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून निम्मेच धरा, ४८. त्यात ३ वॉटचा एलईडी दिवा सोळा तास चालतो, म्हणजे जागलीच्या दोन रात्री. नाहीतर दोन मोबाईल पूर्ण भरतात. फक्त त्यासाठी गाडीत लावतात तो बारा व्होल्टचा चार्जर घ्या. काही जण इन्व्हर्टर लावून आधी २३० व्होल्ट करतात आणि त्यावर घरचा चार्जर जोडतात. दोनदा रूपांतर झालं की बरीच वीज उष्णतेतच जाते.

फवारणी संपली की आपण पंप कोपऱ्यात टाकतो आणि पुढच्या पावसाळ्यात बॅटरी मेली म्हणून दुकानात आणतो. बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर थर बसतो. पूर्ण भरून ठेवा, महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा. आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. कोरड्या हाताला बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण लाल-काळी तार एकमेकींना चिकटली तर आग मात्र लागते.

आता ज्याच्यासाठी खरं उभे राहिलो, ते सांगतो.

ज्वारी भरली, मका आला की रानडुकरं येतात. एका रात्रीत पीक झोपवतात. रात्रभर जागल करून माणूस थकतो आणि मग कोणीतरी लाईनवर आकडा टाकून तार शेताभोवती फिरवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एकाने असंच केलं. पहाटे त्याच्या शेजाऱ्याचा बैल त्या तारेवर गेला. बैलामागे दहा पावलांवर शेजाऱ्याचा शाळकरी मुलगा होता. बैल आधी पडला म्हणून मुलगा थांबला. ती तार आमच्या दुकानातून गेली होती. घेताना त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आता विचारतो. गिऱ्हाईक रागावलं तरी विचारतो.

२३० व्होल्टचा प्रवाह सेकंदाला पन्नास फेऱ्या मारतो. स्नायू आखडतात, धरलेली तार सुटत नाही आणि छातीतून तीस मिलीअँपिअरच्या वर प्रवाह थोडा वेळ जरी गेला, तरी हृदयाची लय बिघडू शकते. ओल्या रानात, अनवाणी पायांनी, तो सहज जातो.

झटका मशीनचं काम वेगळं आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं ते यंत्र तारेत हजारो व्होल्टचा ठोका सोडतं, पण तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो आणि साधारण सेकंदाला एकदाच येतो. मधल्या वेळात स्नायू सैल पडतात, जनावर मागे उडी मारून पळतं. प्रमाणित यंत्राच्या एका ठोक्यात ५ ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा जाऊ देत नाहीत. व्होल्ट जास्त असूनही जीव वाचतो तो यामुळे. पण यंत्र प्रमाणितच घ्या, घरी जुळवलेलं नको. अर्थिंग ओल्या जमिनीत खोल ठोका. तारेला गवत टेकलं की ठोका जमिनीत उतरतो, तेव्हा तारेखालचं गवत कापत राहा. सूचनेची पाटी लावा. छोटं सोलर पॅनेल जोडलं की बॅटरी घरी वाहून न्यावी लागत नाही.

खर्च आहे, मान्य आहे. चार-पाच शेतं लागून असतील तर एकच कुंपण मिळून करा. आकडा फुकट वाटतो, पण ती वीजचोरी आहे. तारेवर माणूस गेला तर तुरुंग आहे, वन्यप्राणी मेला तरी १९७२चा कायदा आहे. आपल्या एका बाजूला कव्वाल, पलीकडे पैनगंगेपार टिपेश्वर. वाघ आपल्या शिवारांतूनच येतात-जातात. तारेला डुक्कर, वाघ आणि आपलं लेकरू यांतला फरक कळत नाही.

आपले आजे-पणजे इथे आले, रान कसलं, गोंड, आंध, बंजारा शेजाऱ्यांबरोबर रात्री जागले. त्यांच्याकडे मशाल होती, मग कंदील आला, मग तीन व्होल्टची बॅटरी. त्यांच्या जागलीत शेजाऱ्याला धोका नव्हता. तेवढं आपणही सांभाळू या.

मुलांनो, यंदा बाप्पाच्या मखरातली रोषणाई बघितलीत ना? ती एलईडी पट्टी मखराखालच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते आहे. म्हणूनच आज तिथे ‘हात लावू नका’ म्हणून कोणी ओरडलं नाही.

बाजाराच्या दिवशी पंपाची बॅटरी घेऊन या, आम्ही तपासून देऊ. पैसे घेणार नाही. जुनी बॅटरी फोडू नका, मुलांच्या हाती देऊ नका. आत शिसं आणि ॲसिड असतं. ती आमच्याकडे परत आणा. आणि कुंपण कसं करावं हे ठरत नसेल, तर आकडा टाकायच्या आधी एकदा दुकानात येऊन बसा. चहा आमच्याकडे.

गणपती बाप्पा मोरया!