पहिल्या रडण्याची तयारी

नाचाच्या पोशाखात विंगेत ताटकळलेल्या मुलींनो, तुमचा कार्यक्रम माझ्यामुळे लांबतोय, हे मला दिसतंय. आटोपतं घेतो.

तुम्ही उद्याच्या सिस्टर. म्हणून लेबर रूममधलंच बोलतो. पोटातल्या बाळाची फुफ्फुसं पाण्यानं भरलेली असतात, तिथल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. बहुतेक रक्त डक्टस नावाच्या छोट्या वाहिनीतून परस्पर पुढे जातं. ही वाट उघडी ठेवतं ते मुख्यतः वारेतून येणारं प्रोस्टाग्लँडिन.

मग कळा सुरू होतात. बाळाच्या रक्तात अ‍ॅड्रेनालिन उसळतं आणि ज्या पेशी फुफ्फुसात पाणी सोडत होत्या, त्याच ते शोषू लागतात. बाळ रडतं, हवा आत जाते, नायट्रिक ऑक्साइडमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि फुफ्फुसांकडे जाणारं रक्त आठ-दहा पटींनी वाढतं. नाळ कापली की प्रोस्टाग्लँडिनही ओसरतं. दोन-तीन दिवसांत डक्टस मिटते.

म्हणजे कळांचा त्रास बाळाच्या कामी येतो. मुहूर्त काढून, कळा येण्याआधीच, ३९ आठवडेही न भरता सिझर करायला सांगणारे नातेवाईक तुम्हाला भेटतीलच. त्यांना सांगा, अशी बाळं धापा टाकत एनआयसीयूत येतात. पत्रिकेत ते कुठे लिहिलेलं नसतं!

या सगळ्याची पूर्वतयारी करतं कॉर्टिसॉल. शेवटच्या आठवड्यांत ते वाढत जातं आणि फुफ्फुसं पिकवतं. हे लक्षात आलं ते योगायोगानं. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स हे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करत होते, तेही प्रसूती कशानं सुरू होते हे शोधायला. कॉर्टिसॉलसारखं स्टेरॉइड दिल्यावर जन्मलेलं एक कोकरू इतकं अपुऱ्या दिवसांचं होतं, की ते जगायलाच नको होतं. पण ते श्वास घेत होतं. पुढे बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासोबत त्यांनी गर्भवतींना स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन पाहिलं. १९७२ साली निष्कर्ष छापून आले: अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे मृत्यू घटले होते.

आपल्याकडे त्यासाठी डेक्सामेथासोन वापरतात. ६ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, चार डोस. औषध स्वस्त आहे, उपकेंद्रातली एएनएमसुद्धा ते देऊ शकते. तेव्हा २४ ते ३४ आठवड्यांची बाई कळा घेऊन आली आणि तिला मोठ्या दवाखान्यात पाठवायची वेळ आली, तर पहिला डोस दिल्याशिवाय ॲम्ब्युलन्समध्ये बसवू नका. आणि दिल्याची वेळ रेफर चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहा.