वासराला मोरकी घालताना

नोव्हेंबरात कृषी प्रदर्शनाच्या शुक्रवारी आपल्याला सुट्टी मिळते. पण त्याआधीच ख्राइस्टचर्चच्या आसपासच्या खेड्यांतल्या शाळांत 'काफ डे' होऊन गेलेले असतात. मुलांनी स्वतः वाढवलेली वासरं तिथे येतात.

जन्मल्यावर पहिल्या ६ तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. खरवसाचा विचार नंतर! मग ४० किलोच्या वासराला दिवसाला साधारण ४ लिटर दूध, दोन वेळा, कोमट. पहिल्या आठवड्यापासून थोडा खुराक आणि स्वच्छ पाणी. बक्षिसाच्या हावेनं एकदम दूध वाढवलंत, तर हगवण लागलीच म्हणून समजा. परीक्षकांना लठ्ठ वासरू नकोच असतं, तुकतुकीत हवं असतं. ती तुकतुकी रोजच्या खराऱ्यानं येते. आटपाडीच्या बाजारातले खिलार खोंड ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे सांगायला नको.

मोरकी लवकर घाला, पण ओढाओढ नको. वासरू पाय रोवतं, तेव्हा थांबायचं. एक पाऊल पुढे आलं की दोर सैल. हाकेला ओ देऊन येण्याचेही गुण असतात. दूध बाबाच पाजत असले तर ते तिथे उघडं पडतं बरं का!

२०१७ च्या जुलैत दक्षिण कँटरबरीत मायकोप्लाझ्मा बोव्हिस सापडला आणि बऱ्याच शाळांनी वासरं बंद केली, कोकरांवर भागवलं. म्हणून कानात बिल्ला आणि नोंद असल्याशिवाय वासरू शेताबाहेर काढू नका.

शहरात राहणाऱ्यांनी ओळखीच्या डेअरीवाल्याला जूनमध्येच विचारून ठेवावं. माझ्याकडे दोन मोरक्या आहेत, हव्या त्यांनी न्याव्यात.