सोन्यावाचूनची झळाळी

आपल्याकडच्या जुन्या घरांत एखादी तरी हिमरू शाल निघतेच. ती कपाटातून काढून जरा उजेडात धरा. कमख्वाब म्हणजे रेशमात सोन्या-चांदीची जर. ते राजेरजवाड्यांचे काम. आपल्या विणकरांनी हिमरूत सूत आणि रेशीम यांच्यावरच भागवले, पण झळाळी काही सोडली नाही.

चित्रकलेतही सोन्याच्या अशा दोन वाटा दिसतात. तंजावरच्या मराठा राजांच्या, त्यातही दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात बहरलेली देवांची चित्रे ही खऱ्या सोन्याची. फणसाच्या फळीवर कापड चिकटवायचे, त्यावर खडू आणि डिंकाचे लेप द्यायचे, दागिन्यांना उठाव आणायचा, खडे जडवायचे आणि वर सोन्याचा वर्ख लावायचा. वर्ख इतका पातळ, की जवळ श्वास सोडला तरी हलतो. समईच्या उजेडात हे चित्र जे काही उजळते, ते पाहण्यासारखे असते.

दुसरी वाट वासुदेव गायतोंडे यांची. जन्म १९२४चा, नागपूरचा, घराणे गोव्याचे. १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले. सुरुवातीला लघुचित्रांचा आणि चित्रकार पॉल क्लेचा प्रभाव होता, पण पुढे त्यांच्या कॅनव्हासवरून माणसे, झाडे, घरे सगळी निघून गेली. आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हटलेले त्यांना रुचत नसे. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे दिल्लीत एकटेच राहिले. चित्रे मोजकीच करत.

ती कशी करत, हे मात्र बघण्यासारखे आहे. कॅनव्हासवर तैलरंगाचा थर, तो रोलरने पसरायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा. ओल्या रंगावर कागदाचे कापलेले तुकडे दाबायचे आणि उचलायचे. खालचा थर कुठे डोकावतो, कुठे दबतो. हे सगळे घाईत होणारे नव्हे. चित्र काढण्यापेक्षा गप्प बसण्यातच त्यांचा वेळ अधिक जाई. त्यांच्या पिवळ्या, गेरूच्या छटांच्या कॅनव्हाससमोर उभे राहिलात, तर सोने कुठून आले असा प्रश्न पडतो. ते कुठेच नाही. तंजावरचे सोने बाहेरचा उजेड परत देते. गायतोंड्यांचा पिवळा तो आतच मुरवून ठेवतो. मला विचाराल, तर दुसरे काम अधिक कठीण.

२००१ साली ते गेले. २०१३ मध्ये मुंबईच्या एका लिलावात त्यांच्या १९७९च्या चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले, आणि त्यांचे नाव पहिल्यांदा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकले असावे. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. किमतीने ओळख व्हावी, हे आपल्याकडचे जुनेच दुखणे.

असो. सोन्यावाचूनची ही झळाळी पाहायला आपल्याला न्यूयॉर्कला जायला नको. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीचा मुकुट पाहा. तिथल्या दागिन्यांचे सोने पिवळ्या मातीच्या रंगाचे आहे. पुढच्या वेळी गेलात, तर मोबाइल खिशात ठेवा, मंद उजेडाला डोळे सरावू द्या आणि दहा मिनिटे तिथेच थांबा.