बियाणं बाईचं, पट्टी कुणाच्या नावाची?


पर्यावरणाचा विषय निघाला की यादी आपल्याच हाती येते. कापडी पिशवी शिवा, कचरा वेगळा करा, विषमुक्त भाजी शोधा. बाईच्या कामात आणखी चार कामांची भर! पुरुषाला पिशवी शिवायला कुणी सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. नातू आजारी पडला तेव्हा त्यांचा संशय फवारलेल्या भाजीवर गेला. मग त्यांनी घेवडा, वाल, भात यांचं गावठी बी जमवलं. राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं हे बी पुढच्या साली पेरता येतं. संकरित बी मात्र दरसाल दुकानातून आणावं लागतं. या कामासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण बी राखणं हे काम घरोघरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. त्याला काम कुणी म्हटलं नाही.

आज शहरात 'गावरान' अशी चिठ्ठी लागली की त्याच घेवड्याला चढा भाव मिळतो. सातबारा नवऱ्याच्या नावावर, आडत्याची पट्टीही त्याच्याच नावानं. मग बी राखणारीच्या हाती काय पडतं?

म्हणून ठराव मांडते : यापुढे मेळाव्याच्या जेवणाचे तांदूळ-कडधान्य गटातल्या बायकांकडूनच घ्यावं, घासाघीस न करता, आणि पैसे त्यांच्याच हातात द्यावेत. वाढायला पुरुष कार्यकर्ते राहतील.