डोक्यावरचे गेले, डोक्यातले राहिले
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. पण समितीने आग्रह धरला की, "टक्कल पडले तेव्हाचे सांगा." म्हणून उभे आहोत.

डिसेंबर २०२४ चा महिना होता. आपल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस गळू लागले. आधी डोके खाजायचे, मग ओढले की पुंजकाच हातात यायचा आणि तीन-चार दिवसांत डोके तुळतुळीत. लेकरू म्हटले नाही, म्हातारा म्हटला नाही, बाई-माणूस कोणालाच सोडले नाही. पुढे १८ गावांत २७९ जणांची नोंद झाली. त्यात आमच्या घरचीही तीन डोकी होती.

वर्तमानपत्रांनी नाव ठेवले 'टक्कल व्हायरस'. हे नाव पडले आणि खरा त्रास सुरू झाला. केस जाऊन डोके काही दुखत नव्हते, पण माणसे दूर सरकली ते दुखले. एका कटिंगच्या दुकानातून आमच्या पोराला परत पाठवले. पोरगी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांनी निरोप धाडला, "सध्या राहू द्या." एके ठिकाणी तर आम्हाला पाणी वरून ओंजळीत ओतले. आमची आजी गप्प बसली. रात्री म्हणाली, "हे असं पाणी म्या लहानपणी पेलं होतं रे."

पण बंधूंनो, खोटे कशाला बोलायचे? पहिल्या आठवड्यात शेजारच्या घरचे केस गेले तेव्हा आम्हीच त्यांच्याकडचा चहा टाळला होता. "आताच घेऊन आलो," म्हणून सांगितले. ज्यांच्या बापजाद्यांनी शिवाशिव सोसली, त्यांनीच ती केली. आठ दिवसांनी आमचे केस गेले, तेव्हा तेच शेजारी आधी आले आणि आमच्या घरचा चहा मागून प्याले.

हसायला सुरुवात त्यांनीच करून दिली. आम्हा तिघांना ओट्यावर बसलेले पाहून म्हणाले, "काय बाप्पा, श्रामणेर शिबिर कधी लागलं? आमाले सांगतलंच नाही!" त्या दिवशी पहिल्यांदा घरात हसू आले. मग काय, तेलाचा खर्च वाचला, कंगवा हरवल्याचे भांडण मिटले. पोट्टे शाळेत टोपी घालून जात होते, त्यांनी टोप्या काढून टाकल्या. आमच्या आत्याचे मात्र हसू लवकर परतले नाही. बाईच्या जातीला अंबाडा म्हणजे काय, हे आम्हा पुरुषांना कळत नाही. म्हणून तिच्यासमोर आम्ही फक्त स्वतःच्या डोक्यावर विनोद केले, तिच्या नाही. एक दिवस तिनेच पदर मागे सारला आणि म्हणाली, "पाहा, भिक्खुणी झाले!" ज्याचे डोके त्याचाच विनोद, एवढा नियम पाळला की पुरे.

तथागतांच्या संघात लकुण्टक भद्दिय नावाचे थेर होते. अंगाने अगदी बुटके. तरुण भिक्खू त्यांचे कान-नाक ओढून थट्टा करीत, पण ते रागावत नसत. अशा या थेरांना तथागतांनी मधुर वाणी असलेल्यांत अग्र म्हटले. लोकांनी उंची पाहिली, तथागतांनी माणूस पाहिला.

पण हसणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. आरोग्य खात्याची आणि दिल्ली-चेन्नईची पथके आली, तेव्हा लोकांनी रक्त दिले, केस दिले, पाण्याचे नमुने दिले आणि "कारण सांगा" म्हणून विचारत राहिले. विंचूदंशावरील कामासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपासणी केली. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत त्यांना सेलेनियम फार वाढलेले आढळले आणि जस्त कमी. रेशनच्या गव्हाच्या नमुन्यात सेलेनियम किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम निघाले. साधारण प्रमाण ०.१ ते १.९ असते, असे त्यांनी सांगितले. सेलेनियम हे मातीतले तत्त्व आहे. शरीराला ते चिमूटभरही नको, अगदी कणभर लागते. जास्त झाले की केस जातात, नखे जातात. एप्रिल २०२५ मध्ये काहींची नखेही गळली. म्हणजे डॉक्टरांच्या तपासणीप्रमाणे दोष ताटातल्या घासाचा होता. शिवल्याने पसरणारी ती गोष्टच नव्हती! मग आमचे पाणी वरून ओतणाऱ्यांनी आणि शेजाऱ्याचा चहा टाळणाऱ्या आम्ही नेमके काय वाचवले?

अनेकांचे केस परत उगवले. आमचेही आले, थोडे पांढरे, थोडे विरळ. पाहुण्यांचा निरोप काही परत आला नाही. पोरगी म्हणते, "बरं झालं, आधीच कळलं." ती सध्या नर्सिंगचे शिक्षण घेत आहे.

माता-भगिनींनो, उद्या कोणाच्या अंगावर कोड दिसेल, कोणाला सहावे बोट असेल, कोणी लंगडत येईल. आपल्या विहाराच्या दारात त्याला पहिला प्रश्न "हे काय झालं?" असा नको. "चहा घेता का?" असा असू द्या. आणि तो चहा त्याच्यासोबत आपणही घ्या.

जयभीम! नमो बुद्धाय!