मोकळी वजने की यंत्रे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



महोत्सवी निधीतून सभागृहामागील खोलीत व्यायामशाळा काढावयाची, असे कार्यकारिणीने ठरविले आहे. तीत मोकळी वजने घ्यावीत की यंत्रे, यावर मात्र दोन तट पडले असून आमचे मत मागविण्यात आले आहे. आम्ही कोणी मल्ल नव्हे. फायलींत आयुष्य गेलेले सरकारी नोकर. तरीही या विषयाशी आमचा एक दुखरा संबंध आहे, तो आधी सांगतो.

पन्नाशी उलटल्यावर आम्ही एका व्यायामशाळेत जाऊ लागलो. तेथे पाठ टेकून पायांनी फळी ढकलण्याचे यंत्र होते. वर्षभरात आम्ही त्यावर 100 किलो ढकलू लागलो आणि घरी त्याची वाच्यताही पुष्कळ केली. पुढे बदलीचा हुकूम आला. पुस्तकांची ट्रंक उचलावयास वाकलो आणि कंबर धरली, ती तीन आठवडे! ट्रंक फार तर 40 किलोंची असेल.

असे का व्हावे? एक तर आमचे ते 100 किलो खरे 100 नव्हतेच. फळी 45 अंशांच्या उतारावर सरकत असल्याने, घर्षण सोडले तर, पायांवर सुमारे 70 किलोंचाच भार येई. शिवाय पाठीला गादीचा आधार. ट्रंकेला कोणी रूळ घालून दिलेले नसतात. ती डोलते, कलते. तिला सावरण्याचे काम कंबर, पोट आणि मनगटे यांना करावे लागते. यंत्रावर हे काम रूळच करतात. शरीर ज्या हालचालीचा सराव करते, तीतच ते प्रामुख्याने बळकट होते. (आमची वाकण्याची रीतही चुकीची होती, हे कबूल केले पाहिजे.)

हे मर्म तालमीतील वस्तादांस ठाऊक होते. मुद्गलाचा भार मुठीपासून दूर, टोकाला असतो. तो फिरविताना खांद्याला क्षणभरही विसावा नाही. काशीच्या आखाड्यांतील जोडी आणि गदा यांचेही तेच.

तथापि यंत्रांची हेटाळणी करणे अन्यायाचे होईल. अमेरिकेत आर्थर जोन्स यांनी 1970 साली 'नॉटिलस' यंत्रे विक्रीस आणली. सांध्याचा कोन बदलतो तशी स्नायूची ताकद कमीजास्त होते, हे जाणून त्यांनी शंखाकृती चाक बसविले, आणि भारही त्या बेताने बदलू लागला. कल्पना खरोखरच चतुर! स्नायूंची वाढ दोन्ही मार्गांनी जवळजवळ सारखीच होते, असे अलीकडील तुलनात्मक अभ्यासही सांगतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून उठलेल्या आजींस किंवा एकट्याने व्यायाम करणाऱ्यास यंत्र अधिक निर्धास्त. उताणे पडून बारबेल उचलताना हात थकले आणि जवळ कोणी नसले, तर छातीवरचा दांडा काढणार कोण?

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांस आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. पासष्टीपुढे तोल सांभाळण्याचा व्यायाम तीन दिवस. आपल्या सभासदांत निवृत्तांचा भरणा मोठा. यंत्रावर बसून तोल सांभाळण्याचा सराव होत नाही.

तेव्हा आमची शिफारस अशी: एक किलोपासून चढत्या वजनाच्या डंबेल्सच्या जोड्या, एक बारबेल आणि शिकविणारा जाणता माणूस यांवर आधी खर्च करावा. उरलेल्या पैशांत पाय ढकलण्याचे व वरून दांडा ओढण्याचे, अशी दोनच यंत्रे घ्यावीत. अडगळीतील मुद्गलांची जोडी भंगारात काढण्याचा ठराव मात्र मागे घ्यावा. तिच्यावरील धूळ आम्ही कालच पुसली आहे.